बेंबीच्या देठापासून नरडाण्यापर्यंत

"धनू डेथ मेटलमध्ये गेलाय हो," असं आमच्या हिने डोळ्यांना पदर लावून सांगितलं, तेव्हा मी तिचं अभिनंदन केलं. धनू म्हणजे माझा धाकटा मेव्हणा, राहणार जळगाव. तिकडे कारखाने बरेच, त्यातलाच हा एक असेल अशी माझी समजूत. "कायम झालाय का?" मी विचारलं. "कायमच दिसतंय," ती हुंदका देऊन म्हणाली, "केस खांद्यापर्यंत आलेत."

केसांचा आणि कायम होण्याचा संबंध लागायला मला थोडा वेळ लागला. डेथ मेटल हा गाण्याचा प्रकार आहे, तो मरणाविषयी असतो, आणि तो ऐकल्यावर त्या विषयाची ओढ लागते, अशी माहिती यथावकाश मिळाली. धनूने दोन मित्रांना घेऊन असा बँड काढला होता. आमच्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, सांगलीला निरोप धाडला होता की जावईबापूंनी येऊन पोराला समजवावं आणि सोबत घेऊन जावं. सांगलीत साखर कारखान्याच्या ऑफिसात त्याच्यासाठी एक जागा मी शब्द टाकून अडवून ठेवली होती. घरात मला समजूतदार म्हणतात. दुसरं काही म्हणण्यासारखं सापडलं नाही की माणसाला हे म्हणतात.

तर नव्वदच्या आगेमागे, श्रावणात, रजा टाकून मी खान्देशात गेलो. धनूला घेऊन परत यायचं, एवढंच काम होतं. ते किती नेटकेपणाने पार पडलं हे पुढे येईलच.

जळगाव

सांगलीचा माणूस तिखटाला भीत नाही, असं मी या खेपेला सासुरवाडीच्या पहिल्याच पंगतीला मोठ्याने बोललो. हे लग्नातही बोललो होतो आणि तेव्हाही फळ मिळालं होतं. पण माणूस विसरतो. समोर शेवभाजी आली. वर लाल तेलाचा तवंग, खाली काय चाललंय ते दिसत नाही. पहिल्या घासाला मी "वा" म्हणालो, दुसऱ्याला काहीच म्हणालो नाही, आणि तिसऱ्याला मला उचकी लागली ती हात धुवेपर्यंत थांबली नाही. आमच्याकडे तिखट जिभेवर बसतं आणि निघून जातं. इथलं तिखट घसा ओलांडून आत मुक्कामाला जातं. आबांनी माझ्याकडे न बघता तुपाची वाटी सरकवली.

आबा म्हणजे निवृत्त शिक्षक. आयुष्यभर मराठीचं व्याकरण शिकवलं. त्यांच्या घरात चूक करायला कोणालाही मोकळीक नव्हती. आमच्या सासूबाई नरडाण्याकडच्या, त्यांची बोली अहिराणी. 'आहे'ला त्या 'शे' म्हणायच्या. "शे नव्हे, आहे," असं आबा शेवटपर्यंत दुरुस्त करत राहिले आणि त्या शेवटपर्यंत 'शे' म्हणत राहिल्या. मुलं मात्र 'आहे'वर वाढली. माझी बायको तर सांगलीत येऊन इतकी शुद्ध बोलते की शेजारणी तिला पुण्याची समजतात. सासूबाई जाऊन तेव्हाच बरीच वर्षं झाली होती. त्यांच्याबरोबर तो 'शे'ही घरातून गेला होता.

जेवण झाल्यावर आबांनी धनूला बोलावलं. पोरगा उंच, किडकिडीत, मान खाली. वागायला इतका गरीब की हा मरणाविषयी गातो यावर विश्वास बसेना. पाण्याचा तांब्यासुद्धा तो आवाज न करता ठेवायचा.

"जावईबापू आले आहेत," आबा म्हणाले. "सांगलीत तुझी सोय झाली आहे."

"सोमवारी आमचा कार्यक्रम आहे आबा," धनू पुटपुटला. "पहिलाच आहे. नरडाण्याकडे."

"कसला कार्यक्रम? मी तुझी कॅसेट ऐकली. अथपासून इतिपर्यंत ऐकली. मला एक शब्द कळला नाही."

"तसंच गातात ते, आबा."

आबांनी चष्मा काढून पुसला. हे लक्षण चांगलं नसतं, असं बायकोने मला सांगून ठेवलं होतं. "ऐक. मी अडाणी नाही. माणसाने ओरडावं, माझी हरकत नाही. पण ओरडला तरी भाषा पाहिजे. मी स्वतः येतो सोमवारी. मला एक शब्द कळू दे. एक. कळला, तर तू आणि तुझा बँड, मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही कळला, तर तिथूनच जावईबापूंबरोबर सांगलीची गाडी धरायची. कबूल?"

धनूने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहिलं. "कबूल," तो म्हणाला, आणि मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की त्याला स्वतःलाही खात्री नव्हती. कारण गाणी सगळी इंग्रजी, आणि ती त्याने कॅसेटवरून जशी ऐकू आली तशी पाठ केलेली. त्यातले काही शब्द इंग्रजांनाही कळले नसते.

सावदा

शनिवारी धनू मला तालीम दाखवायला घेऊन गेला. एसटी तापी ओलांडून यावलकडे वळली आणि दोन्ही बाजूंना केळी सुरू झाली. आमच्याकडे ऊस असतो. ऊस कसा, रस्त्याशी फटकून उभा राहतो. केळीच्या पानांना मात्र खिडकीतून आत डोकवायची सवय दिसली. एकीने माझा चष्मा पाडला. मागे सातपुडा निळा, ढगात अर्धा बुडालेला.

यावलला मिलिंद चढला. हा बँडचा ड्रमर, आणि नोकरीने एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक, त्यामुळे कंडक्टरने त्याला तिकीट विचारण्याऐवजी गिअरबॉक्सविषयी विचारलं. मिलिंदचं अख्खं घर चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत ताशा वाजवणारं. "माझ्या बापाचा ताशा ऐकून घोडा नाचायचा जिजाजी," तो म्हणाला. (आमच्याकडे दाजी म्हणतात, इथे जिजाजी. जिजाजी म्हटलं की मला उगाच फेटा बांधल्यासारखं वाटतं.) "मी ड्रम घेतला तर बाप म्हणे, बसून वाजवतो? पाय मोडला का तुझा?"

तालमीची जागा म्हणजे सावद्याची एक केळीची वखार. तिसरा गडी पारस, गिटारवाला, याच्या मामांची. पारसचं घर मूळचं मारवाडातलं, जळगावात भांड्यांचं दुकान. वखारीत केळीचे घड पिकायला रचलेले आणि चारी भिंतींना वाळलेल्या पानांचे ढीग. आतला आवाज बाहेर जात नाही, हा त्या जागेचा मोठा गुण. पण मामांनी जागा दिली ती वेगळ्याच कारणाने.

"मामांचं म्हणणं, आम्ही वाजवलं की केळी लवकर पिकतात," पारस गंभीरपणे म्हणाला.

"पिकतात का?"

"घाबरून पिकत असतील," मिलिंद म्हणाला.

मग त्यांनी मला बँडचा इतिहास सांगितला, आणि तो मी इथे देतो, कारण पुढे कोणी विद्वान यावर लिहील तेव्हा हे त्याच्या हाती लागणार नाही. मिलिंदच्या मुंबईच्या चुलतभावाने एक कॅसेट पाठवली होती. कॅसेटवरून कॅसेट, तिच्यावरून आणखी कॅसेट, अशी उतरलेली. ती या तिघांनी पारसच्या दुकानाच्या माळ्यावर टेपरेकॉर्डरला लावली. टेपमधले सेल उतरलेले. त्यामुळे जे संगीत निघालं ते संथ, जाड, विहिरीच्या तळातून वर यावं तसं. तिघे हरखून गेले. हेच ते, म्हणाले, आणि वर्षभर घाम गाळून तसंच वाजवायला शिकले. धनूने तो तळातला आवाज काढायला पोटावर उशी दाबून सराव केला. मग एक दिवस पारसच्या वडिलांनी दुकानात बातम्या ऐकायला म्हणून नवे सेल घातले, आणि यांनी कॅसेट लावली तर काय, सगळं भराभर आणि किरटं!

"इतकं वाईट वाटलं जिजाजी," धनू म्हणाला. "वाटलं, आपण वर्षभर चुकीचं शिकलो."

"मग?"

"मग मिलिंद म्हणाला, आपलंच बरोबर आहे. त्यांचे सेल जास्त आहेत."

जगात अशा रीतीने एक नवी शैली जन्माला आली.

कोपऱ्यातला मोठा ड्रम पाहून मी थबकलो. त्यावर लाल आणि पिवळ्या रंगात, ट्रकच्या मागे असतं तसल्या वळणदार अक्षरांत लिहिलं होतं: 'देठ मेटल बँड'. बाजूला शोभेला एक केळं.

"हे चुकलंय," मी म्हणालो. आबांच्या घरी एक रात्र राहिलं की माणूस चुका काढू लागतो.

"माहीत आहे," पारस कपाळाला हात लावून म्हणाला. "दुकानासमोर पेंटर बसतो, त्याला तोंडी सांगितलं. मी म्हटलं, डेथ रे बाबा, देठ नाही. तर तो म्हणतो, भाऊ, मी ऐकलंय तुमच्या या पोराला. बेंबीच्या देठापासून ओरडतो ना? मग देठच."

तेच राहू दिलं. रंगही चांगला होता.

मग त्यांनी वाजवलं. मी दोन घडांच्या मध्ये बसलो होतो. पहिला ठोका पडला तेव्हा माझ्या छातीतलं काहीतरी जागचं हललं, आणि तांब्यासुद्धा आवाज न करता ठेवणाऱ्या त्या पोराने तोंड उघडलं. काय सांगू! दगडी जात्याला बोलता आलं असतं तर ते असं बोललं असतं. मला भीती वाटली, हसू आलं, आणि नंतर दोन्ही गेलं आणि मी पाय हलवत असल्याचं माझ्याच लक्षात आलं. मी तो लगेच थांबवला. मी सांगलीच्या कामावर आलो होतो.

शब्द मात्र, आबांची शपथ, एकही कळला नाही.

नरडाणा

नरडाणा हे नाव ऐकल्यापासून मला राहवत नव्हतं. "नरडं फाडायला नरडाण्याला," असं मी पॅसेंजरमध्ये बसल्यावर सगळ्यांना ऐकवलं. कोणी हसलं नाही. मी अमळनेर गेल्यावर पुन्हा ऐकवलं. आबा म्हणाले, "पहिल्यांदा ऐकू आलं होतं."

आबा खिडकीशी, मांडीवर छत्री. समोर ते तिघे काळ्या बनियनात, सामानाच्या ढिगामागे. बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते, आणि दोघेही माझ्यामार्फत पाणी मागत होते.

स्टेशनावर भटू नाना बैलगाडी घेऊन आले होते. नाना म्हणजे ज्यांनी बँड ठरवला ते गृहस्थ. मिशा पांढऱ्या, टोपी त्याहून पांढरी. त्यांनी सामान पाहिलं, आम्हाला मोजलं, आणि आमच्या पाठीमागे फलाटाकडे पाहत राहिले.

"बाकीना माणसं कोठे शेत?"

"एवढेच आहोत नाना," पारस म्हणाला.

"आन् कर्णा? झांजा? ड्रेस?"

तेव्हा उलगडा झाला. उद्या गावातून कानबाईची मिरवणूक निघायची होती. कानबाई म्हणजे खान्देशची श्रावणातली देवी. रविवारी नारळाला डोळे, नथ, साडी लावून तिला घरात बसवायचं आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर पोचवायचं. त्यासाठी बँड हवा म्हणून नाना जळगावला गेले, बाजारात भांड्यांच्या दुकानासमोर ड्रम वाळत ठेवलेला दिसला, त्यावर ठसठशीत 'बँड' लिहिलेलं. गल्ल्यावर पारसचे वडील. "बँड शे का?" "आहे." मारवाडी माणूस गिऱ्हाइकाला नाही म्हणत नाही. इकडे पोरांना वाटलं, आपली कीर्ती धुळे जिल्ह्यात पोचली.

"देवीपुढे काळे कपडे?" नानांनी डोक्याला हात लावला. मग ते मोठे माणूस, सावरले. "असो. आते कोठे दुसरा बँड भेटी? फेटा देतो मी बठ्ठासले."

बठ्ठा म्हणजे सगळे. त्यात मीही आलो.

गाव नरडाण्याहून थोडं आत होतं. नाव मुद्दाम सांगत नाही. तिथे नानांच्या घरी जेवणाला देवीचा रोट होता, पण तो भाऊबंदांनीच खायचा, घराबाहेर जात नाही, म्हणून आमची पंगत वेगळी. आमच्याकडे प्रसाद नाही घेतला तर राग येतो, इथे मागितला तर संकोच. मी अर्थातच मागितला. मिलिंदने माझा पाय दाबला. पण आम्हाला जी वरण-बट्टी मिळाली, तिच्यावर नानांच्या सुनेने इतकं तूप ओतलं की आदल्या शेवभाजीचं पाप धुऊन निघालं.

संध्याकाळी आरतीला गेलो. बायका गाणी म्हणत होत्या, टाळ्यांचा ठेका चढत होता, आणि एकाएकी त्यांच्यातली एक घुमू लागली. डोळे मिटलेले, अंग लयीत हलणारं, आणि आवाज... तो आवाज तिच्या अंगकाठीत मावणारा नव्हता. खोल, घोगरा, लांबच लांब. सगळ्या बाजूला झाल्या. हिराअक्का नावाची एक वाळकी, ताठ म्हातारी पुढे आली, तिने घुमणारीच्या कपाळी हळदकुंकू लावलं आणि अगदी घरच्यासारखं विचारलं, "कोण शे व माय तू? तुले काय जोयजे?"

तू कोण, तुला काय पाहिजे. नाना माझ्या कानाशी म्हणाले, की गावात कोणी घुमलं तर हे विचारायचं काम अक्काचं, आणि विचारल्यावर उत्तर द्यावंच लागतं. ती बाई काहीतरी बोलली, पाणी प्यायली, आणि पदर सावरून पुन्हा गाण्यात बसली.

धनू माझं मनगट धरून उभा होता. "जिजाजी," तो कुजबुजला, "हिला कोणी शिकवलं?"

"काय?"

"मी उशी दाबून शिकलो ते."

त्याच्या पलीकडे आबा उभे होते. ते त्या बाईकडे पाहत नव्हते. अक्काचे शब्द हवेत जिथे होते तिथे पाहत होते. सासूबाई याच बाजूच्या, हे मला तेव्हा आठवलं.

सोमवारी सकाळी ट्रॅक्टरची ट्रॉली धुऊन, आंब्याची पानं बांधून दारात आणली. तिच्यावर ड्रम, दोन मोठे स्पीकर, मागे जनरेटर. आभाळ भरलेलं, म्हणून वरून केळीच्या गाड्यांवर टाकतात तो प्लास्टिकचा कागद चार बांबूंवर ताणलेला. तिघांच्याही डोक्याला गुलाबी फेटे. मरणाचे गायक असे नवरदेवासारखे सजलेले मी दुसरीकडे पाहिलेले नाहीत. माझ्याकडे जनरेटरची वायर धरून बसायचं काम आलं. ती हलली की वीज जात होती. ज्याची बेडी व्हायला आलो, त्याची वायर धरून बसलो होतो.

देवी घराबाहेर आली. बायकांच्या डोक्यावर चौरंग, पुढे पोरंसोरं, सगळं गाव नटलेलं. आबा ट्रॉलीच्या चाकाशी, छत्री उघडून. नानांनी हात वर केला. "वाजाडा!"

त्यांनी वाजाडलं.

पहिल्या ठोक्याला नानांच्या बैलाने दावं तोडलं. दुसऱ्या मिनिटाला लहान पोरं आयांना चिकटली. एका आजोबांनी दोन्ही कानांत बोटं घातली आणि ती तशीच ठेवून घराकडे निघाले. धनूने डोळे मिटून इंग्रजी गाणं धरलेलं, त्याला यातलं काही दिसत नव्हतं. मला सगळं दिसत होतं, वायर धरल्यामुळे तोंड लपवता येत नव्हतं. मिरवणूक जागच्या जागी थांबली. चौरंग वाहणाऱ्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मी आबांकडे पाहिलं. ते कान देऊन, मान किंचित कलती करून, खरोखर प्रामाणिकपणे ऐकत होते. मग त्यांनी छत्री मिटली. मला कळलं, परीक्षकाने पेपर बाजूला ठेवला. संध्याकाळची गाडी, सांगली, कारखान्याचं ऑफिस. ज्यासाठी आलो ते माझ्या पदरात पडत होतं, आणि मला ते नको होतं.

नाना चाकावर पाय देऊन वर चढू लागले. "बंद करा! ओ भाऊ, बंद करा!"

"थांब भटू."

हिराअक्का. गर्दीतून ती सरळ ट्रॉलीकडे आली. "तो घुमी ऱ्हायना. दिखत नही का तुले?"

नाना जिथे होते तिथे, एक पाय चाकावर, राहिले. मिलिंदने काठ्या थांबवल्या. पारसचा हात तारांवर पडला. धनूचा मात्र शेवटचा आवाज लांबतच होता, आणि तो विझल्यावर त्याने डोळे उघडले तर समोर अख्खं गाव त्याच्याकडे पाहतंय, आणि अक्का हात उंच करून त्याच्या कपाळाला कुंकू लावते आहे. तिचा हात पोचेना, म्हणून तो वाकला.

"कोण शे व माय तू?" अक्काने विचारलं. "तुले काय जोयजे?"

जनरेटर तेवढा फटफटत होता. विचारल्यावर उत्तर द्यावंच लागतं. धनूने माझ्याकडे पाहिलं. या वेळी कालनिर्णय नव्हतं, मी त्याच्याकडे पाहिलं. मग त्याने आबांकडे पाहिलं. खाली, चाकाशी, मिटलेली छत्री धरून उभ्या असलेल्या त्या म्हाताऱ्या माणसाकडे. माईक तोंडाशी नेला. आणि उशी दाबून कमावलेला तो सगळा आवाज, पेंटरने बरोबर ओळखलेल्या जागेपासून, वर आला:

"मी... धनू... शे! माले... गाऊ... द्या!"

स्पीकर हलले. प्लास्टिकवर साचलेलं पाणी नानांच्या टोपीवर पडलं. शब्द असे सुटेसुटे, दगडासारखे रस्त्यावर येऊन पडले की आंधळ्यालाही उचलता आले असते.

अक्काच्या तोंडात उरलेले सगळे दात दिसले. "धनू शे? मंग गाय ना भाऊ! काबर थांबना?"

गाव हसलं. मोकळं, भरघोस. आणि त्या हसण्यावरच मिलिंदने बापाचा ताशा काढला. ड्रमवर, बसून, पण ठेका तो, ज्याला घोडा नाचायचा. पारसने त्याखाली आपलं जाडजूड, उतरलेल्या सेलचं गिटार घातलं. एका पोरीने ओरडून विचारलं, "कोण शे?" धनू गरजला, "मी शे!" मग दहाजणींनी विचारलं. मग सगळ्यांनी. चौरंग डोक्यावर असलेल्या बायकांनी फुगडीसारखी गिरकी घेतली आणि देवी हलली. ट्रॅक्टर हलला.

मी आबांना शोधलं. ते चाकाबरोबर चालत होते, एका हाताने ट्रॉलीची फळी धरून. मी वाकलो.

"आबा! कळला का शब्द?"

"द्या," आबा म्हणाले. मला वाटलं, काही मागत आहेत. "'दे' नाही म्हणाला. 'द्या' म्हणाला. आदरार्थी आहे." चष्मा त्यांनी काढला, पण पुसला नाही, नुसता हातात धरला. "आणि 'शे' म्हणाला, जावईबापू. तिच्यासारखं म्हणाला. यात दुरुस्तीला जागा नाही."

नदीपर्यंतची ती वाट मी आयुष्यात विसरणार नाही. "कोण शे?" "मी शे!" पलीकडच्या वस्तीतली माणसं बांधांवर येऊन उभी राहिली आणि मग मागे चालू लागली. कानात बोटं घातलेले आजोबा परत आले, बोटं काढून. पाऊस आला, गेला, कोणी मान वर केली नाही. मीही ओरडत होतो. वायर एका हाताने धरून, फेटा सुटून गळ्यात आलेला, मी पाटबंधारे खात्याचा वरिष्ठ लिपिक, पन्नाशीकडे झुकलेला, बेंबीच्या देठापासून "मी शे! मी शे!" म्हणून ओरडत होतो, आणि इतक्या वर्षांच्या नोकरीत ही गोष्ट मला कोणी विचारली नव्हती, हे मला तेव्हाच जाणवलं.

देवी पाण्यात गेल्यावर अक्काने परत येऊन ड्रमला हळदकुंकू लावलं, स्पीकरला लावलं, आणि वाटेत मी बसलो होतो म्हणून मलाही लावलं. नानांना बजावलं, "पुढला साले बी हाऊच बँड." ड्रमवरचं केळं हळदीने आणखी पिवळं झालं.

महाराष्ट्रात या जातीचा पहिला बँड कोणता, यावर मुंबई-पुण्याची पोरं भांडत असतील तर भांडोत. अहिराणीत पहिला कोणता, यावर भांडण नाही. पुढच्या श्रावणात त्यांना तीन गावांनी बोलावलं. मग धुळ्याच्या एका कॉलेजात वाजवलं, तिथे पोरांनी बाकं मोडली आणि प्राचार्यांनी स्वतः "कोण शे?" विचारलं असं मिलिंद सांगतो; मिलिंदचं निम्मं खरं धरावं. सावद्याच्या त्या वखारीतच त्यांनी कॅसेट भरली. इंग्रजी गाणं तिच्यात एकही नाही. कव्हरवर केळं आहे, आणि नाव पेंटरचंच ठेवलं आहे: देठ. शब्द सगळे आबांनी तपासून दिले. एकही बदलला नाही म्हणतात.

मी सांगलीला एकटाच परतलो. दारात ही उभी, माझ्या मागे पाहत, जसे नाना फलाटावर पाहत होते.

"धनू कुठे आहे?" तिने विचारलं.

मला समजावून सांगायचं होतं, सगळं, पहिल्यापासून, नीट. पण गळा नरडाण्याला राहिला होता. तोंड उघडलं तर आतून जात्यासारखा एक घोगरा आवाज आला, आणि तो माझ्या आधी बोलून गेला:

"तठेच शे."

माझ्या कपाळावर, प्रवासातही न पुसलेला, हळदीचा एक डाग होता, त्याला तिने बोट लावलं. आणि अठरा वर्षं माझ्या घरात शुद्ध बोललेली ही बाई हसून म्हणाली,

"मंग बठ्ठं बरं शे."